व्हिनेगर छापलं, माप राहिलं

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आखाजीच्या आधीच्या रविवारी तुमच्या पुरवणीत केसांच्या निगेवर एक चौकट आली होती. केस धुतल्यावर ॲपल सायडर व्हिनेगर लावलं की ते चमकतात, मऊ होतात, कोंडा जातो, अशा अर्थाची. सोबत कापलेलं सफरचंद आणि केस उडवणाऱ्या मुलीचं चित्र. किती व्हिनेगर, किती पाणी, किती वेळ ठेवायचं, नंतर धुवायचं की नाही, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. ती चौकट आमच्या नातीने कापून ठेवली, आणि त्यापायी तिची आखाजी झोक्याऐवजी दवाखान्याच्या बाकड्यावर गेली. म्हणून हे पत्र. ते लांबलं आहे हे मला कळतं, पण तुमची चौकट फार आखूड होती.

मी यावल तालुक्यातला. एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं सहायक होतो, २०१६ साली निवृत्त झालो. शिकवायचं काम सरांचं. माझं काम बाटल्या भरायचं, द्रावणं करून ठेवायचं, ब्युरेट धुवायचं आणि एखाद्या पोराने पिपेटमधून ॲसिड तोंडात ओढू नये म्हणून त्याच्या पाठीमागे उभं राहायचं. तेहतीस वर्षांत माझ्या प्रयोगशाळेत एकही पोर भाजलं नाही. भाजलं ते निवृत्तीनंतर, माझ्याच घरात, किराणा दुकानातल्या बाटलीने. हे मला जास्त लागलं.

नात जळगावला बारावीला आहे. आईबरोबर आखाजीला आली. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, ज्याला तुम्ही अक्षय तृतीया म्हणता ती आमची आखाजी. दिवाळीला लेक आली नाही तर एक वेळ चालतं, आखाजीला आली नाही तर आईच्या घशाखाली पुरणपोळी उतरत नाही. निंबाला झोका, गौराईची गाणी, खापरावरचे मांडे, आमरस आणि बाहेर चव्वेचाळीसच्या पुढचं ऊन. झोक्यावर बसायचं म्हणजे केस मोकळे हवेत, आणि केस मोकळे हवेत म्हणजे चमकायला हवेत. आदल्या संध्याकाळी पोरगी कात्रण घेऊन दुकानात गेली. सफरचंदाचं व्हिनेगर काही त्याच्याकडे नव्हतं. चायनीजच्या गाड्यांना देतो ती पांढरी बाटली त्याने दिली, चाळीस रुपयांत.

पुढचं तिने आपल्या डोक्याने केलं. भांगामागून भांग पाडत कापसाच्या बोळ्याने तसंच्या तसं, पाण्याचा थेंब न घालता, मुळांना चोळलं. चौकटीत ‘लावावे’ असं होतं, म्हणून लावलं. तेल लावून मुरवतात तसं मुरावं म्हणून वरून प्लास्टिकची पिशवी, तिच्यावर टॉवेल, आणि धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, झोपायला गेली. चुणचुण होत होती, पण ‘असर होतोय’ असं तिला वाटलं. मध्यरात्रीनंतर रडत खाली आली. आमच्या मंडळींनी टॉवेल सोडला, वास घेतला आणि म्हणाल्या, “डोक्याले लावलं काय हे? हे तं लोनच्याचं पानी हाये व माय! कोनी सांगे तुले?”

मी मोरीत बसवून पंधरा मिनिटं नुसतं पाणी ओतलं. तेवढं तरी प्रयोगशाळेने शिकवलं होतं: आम्ल सांडलं की आधी पाणी, भरपूर पाणी, मग बाकीची अक्कल. सकाळी मानेवर केस सुरू होतात तिथे आणि दोन्ही कानांच्या मागे कातडी लालबुंद झाली होती, एका ठिकाणी सोलून पाणी येत होतं. डॉक्टरांनी विचारलं, कशाने भाजलं? पोरगी म्हणाली, व्हिनेगरने. डॉक्टर मला ओळखतात. तिच्याकडे न बघता त्यांनी माझ्याकडे बघितलं.

आता तुमचा लेखक म्हणेल, आम्ही सफरचंदाचं सांगितलं होतं, मुलीने पांढरं लावलं. म्हणून बाटलीबद्दल आधी बोलतो. व्हिनेगर म्हणजे पाण्यातलं ॲसिटिक आम्ल. फळाच्या रसातल्या साखरेची यीस्टमुळे दारू होते, आणि त्या दारूला हवा मिळाली की जिवाणू तिचं ॲसिटिक आम्ल करतात. सफरचंदाच्या रसाचं केलं की ते ॲपल सायडर व्हिनेगर. पांढऱ्या बाटलीत बऱ्याचदा कारखान्यातलं ॲसिटिक आम्ल पाणी घालून पातळ केलेलं असतं, आणि तसं लेबलवर ‘सिंथेटिक’ म्हणून लिहावं लागतं. आपल्याकडच्या अन्न नियमांत दोन्हींना किमान ३.७५ टक्के आम्ल असावं लागतं. बाजारातल्या बाटल्या साधारण चार ते सहा टक्क्यांत असतात. सफरचंदाच्या बाटलीत रंग असतो, फळाचा वास असतो, थोडं मॅलिक आम्ल असतं. कातडी भाजायला जे लागतं ते दोन्हींत सारखंच असतं. नातीने साडेतीनशे रुपयांची बाटली रात्रभर बांधून ठेवली असती तरी आम्ही त्याच बाकड्यावर बसलो असतो, फक्त तीनशे दहा रुपये जास्त खर्चून.

त्या महागड्या बाटलीच्या तळाशी गढूळ साय असते, तिला ‘मदर’ म्हणतात. मला जळगावच्या एका दुकानात विक्रेत्याने फार आदराने दाखवली. ती म्हणजे व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंची आणि त्यांनी विणलेल्या सेल्युलोजची साय. नवं व्हिनेगर लावायला विरजणासारखी कामाची आहे. केसांना तिचा काय उपयोग, ते त्याने सांगितलं नाही, मलाही सुचलं नाही. (साखर असलेल्या कुठल्याही फळाचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, होतो, केळीचासुद्धा. भाव पडला की आमच्या तालुक्यात केळी बांधावर टाकून देतात आणि केस धुवायला डोंगरातल्या सफरचंदाची बाटली आणतात. असो, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.)

हेच आम्ल शुद्ध असलं तर काय असतं, ते मी रोज हाताळलेलं आहे. प्रयोगशाळेत त्याला ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड म्हणतात, जवळजवळ शंभर टक्के. ते साधारण साडेसोळा अंशाला गोठतं. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा सकाळी कपाट उघडलं की बाटलीत बर्फाचा गोळा. नव्या पोरांना ती गंमत वाटायची. बाटली कोमट पाण्यात उभी करून वितळवायला लागायची, आणि झाकण उघडताना तोंड बाजूला ठेवायचं, नाहीतर नाकातले केस जळाल्यासारखे वाटतात. एकदा आमच्याच आवारातला एक गृहस्थ छोटी शिशी घेऊन आला. घरी लोणच्याला सिरका लागतो, ‘तेच ना हे?’ म्हणाला. नाव तेच होतं. मी शिशी रिकामी परत पाठवली, तो महिनाभर बोलला नाही. नावाने वस्तू कळते, टक्क्याने तिचा स्वभाव कळतो. तुमच्या चौकटीत नाव होतं.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल की मी व्हिनेगरच्या विरोधात आहे. तसं नाही. आमच्या घरात आता ते वापरलं जातं, आणि माझ्या हाताने मोजून दिलं जातं. कारण आमच्या गावात त्याला काम आहे, आणि ते काम तुमच्या चौकटीत कुठेच नव्हतं.

आमचं पाणी बोअरचं. साडेपाचशे फुटांवरून येतं. बादलीला पांढरा थर, गिझरच्या कॉइलला बोटभर कवच, शॉवरची भोकं सहा महिन्यांत बुजतात. निवृत्तीच्या आधी मी हे पाणी आमच्या प्रयोगशाळेत तपासलं होतं. ईडीटीए नावाच्या रसायनाचं द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं, एरिओक्रोम ब्लॅक टी या दर्शकाचा द्राक्षासारखा लाल रंग निळा झाला की थांबायचं. कठीणपणा, म्हणजे पाणी किती जड ते, लिटरला ४८० मिलिग्रॅम भरला. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला २०० ही मर्यादा आहे, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचं. म्हणजे आम्ही ‘चालवून घ्या’ या खात्यात.

अशा पाण्यात साबणाचा फेस होत नाही, चोथा होतो. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो. तो मोरीच्या फरशीवर दिसतो, केसांवरही तोच बसतो. शिवाय अंगाचा साबण अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट, असतो. केसाला माशासारखे बारीक खवले असतात. अल्कधर्मी पाण्यात केस फुगतो, खवले उभे राहतात, एकमेकांत अडकतात, कंगवा तुटेस्तोवर गुंता होतो. थोडं आम्ल पाणी लागलं की खवले बसतात, उजेड नीट परततो आणि केस चमकतात. व्हिनेगरची चमक ती एवढीच. त्याने केस वाढत नाहीत, पांढऱ्याचे काळे होत नाहीत.

आमच्या मंडळींच्या लग्नात त्यांची वेणी कमरेखाली होती. तेव्हा विहिरीचं पाणी होतं आणि शिकेकाई होती. विहीर आटली, बोअर आली, शिकेकाई उकळायला वेळ राहिला नाही, अंगाच्याच साबणाची वडी डोक्याला. दहा वर्षांत वेणीचा काथ्या झाला. त्यांना वाटायचं वयाने झालं.

इथल्या केळीवाल्यांना हे दोन वाक्यांत कळेल. आपण ठिबकला ॲसिड का देतो? ड्रिपरमध्ये क्षार बसतो म्हणून. देताना काय करतो? कंपनीचा माणूस येतो, पाणी तपासतो, पाण्याचा सामू (म्हणजे पीएच: आकडा जितका खाली, तितकं आम्ल कडक) किती खाली आणायचा ते ठरवतो, नळीच्या शेवटच्या टोकाला कागद बुडवून बघतो, ठराविक वेळ ठेवतो आणि मग स्वच्छ पाण्याने लॅटरलच्या नळ्या धुऊन काढतो. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही, हे तर आमच्या गड्यालाही पाठ आहे. आठ आण्याच्या ड्रिपरसाठी एवढं सगळं. आणि पोरीच्या डोक्याला? कापूस घ्या, लावा.

या सामूचे कागद मी अजून बाळगून आहे, लहान पुस्तक असतं, पानं फाडून बुडवायची. नात बरी झाल्यावर मी आणि तिने एक दुपार ओट्यावर बसून घरातलं सगळं तपासलं. बोअरचं पाणी आठच्या जवळ. अंगाच्या साबणाचा फेस दहा. दुकानातली पांढरी बाटली तीनच्याही खाली. लिंबाचा रस दोनकडे झुकलेला. ताक साडेचार. शिकेकाईचं उकळलेलं पाणी साधारण पाच. माणसाच्या कातडीचा सामू पाच-साडेपाचच्या आसपास असतो, म्हणजे शिकेकाई तिच्या शेजारीच बसलेली. आणि या मोजपट्टीवर एका आकड्याचा फरक म्हणजे दहा पट. साडेपाचच्या कातडीवर अडीचची बाटली म्हणजे तीन घरांचा फरक, हजार पट आम्ल. नातीने हा गुणाकार वहीत करून बघितला आणि कानामागे हात नेला.

मग मापाकडे वळलो. इथे मला माझ्याच घराने शिकवलं. तुम्ही उद्या दुरुस्ती छापलीत आणि ‘दोन चमचे’ लिहिलंत, तर तेही पुरणार नाही. कोणता चमचा? मी शंभर मिलिलिटरचं मोजपात्र आणलं आणि स्वयंपाकघरातली सगळी भांडी ओळीने मांडली. चहाचा चमचा चार मिलि. पोह्यांचा चमचा दहा. आमटीचा डाव चाळीस. व्हिनेगरच्या बाटलीचं झाकण सहा. मोरीतला मग, जो लिटरचा म्हणून घेतला, तो काठोकाठ भरला की बाराशे. मंडळी दारातून बघत होत्या. म्हणाल्या, “तेहतीस वर्सं पगार याच्यासाठीच घेतला का?”

हो.

ठरलं ते असं: लिटरभर पाण्याला पोह्यांचे दोन चमचे, म्हणजे वीस मिलि. बाटली पाच टक्क्यांची धरली तर मगातलं पाणी ०.१ टक्का होतं. कागद बुडवला, साडेचार. शिकेकाईच्या जवळपास. मग नातीने एक शहाणपणाचा प्रश्न विचारला: आम्ही जळगावला फिल्टरचं पाणी घेतो, तिथेही हेच माप का? आरओचा एक लिटर आणला, तेच दोन चमचे घातले. कागद सव्वातीनच्या आसपास लाल. तेवढंच व्हिनेगर, तेवढंच पाणी, आणि आम्ल कितीतरी पट कडक! कारण आमच्या बोअरच्या पाण्यातला बायकार्बोनेट नावाचा क्षार आम्लाचा पहिला घास स्वतःच खातो. फिल्टरच्या पाण्यात खाणारं कोणी नसतं, सगळं डोक्याला पोचतं. म्हणून तिला सांगितलं, फिल्टरच्या पाण्याला एकच चहाचा चमचा, आणि खरं म्हणजे तेही नको. ज्या घरात पाणी मऊ आहे आणि चांगला शाम्पू वापरला जातो तिथे हा सगळा खटाटोप बहुतेक वाया. आताचे बरेच शाम्पू मुळातच फारसे अल्कधर्मी नसतात, कंडिशनर तर आम्लधर्मीच असतो. व्हिनेगरची गरज साबणाने आणि जड पाण्याने धुणाऱ्याला. तुमची चौकट वाचली असेल शहरातल्या शाम्पूवालीने, आणि जिला उपयोग झाला असता ती आमच्या गल्लीतली साबणवाली कदाचित पुरवणी वाचतही नसेल.

आणखी एक. साबण पुरता धुऊन निघाल्याशिवाय व्हिनेगरचं पाणी ओतायचं नाही. हे आम्ही अनुभवाने शिकलो. साबणात आम्ल पडलं की त्यातलं तेलाचं आम्ल सुटं होतं आणि केस मेण फासल्यासारखे चिकट होतात. पहिल्यांदा मंडळींचं तसंच झालं. दोन दिवस माझ्याशी बोलणं बंद होतं, आणि या वेळी चूक माझी होती. आधी दोन-तीन तांबे साधं पाणी, मग हा मग केसांच्या लांबीवरून सावकाश ओतायचा, डोळे मिटून, मिनिटभर ठेवायचा, पुन्हा साधं पाणी. आठवड्यातून एकदा. डोक्याला खरचटलेलं असेल, फोड असेल, नुकताच रंग लावलेला असेल तर त्या आठवड्यात नाही. वास वाळल्यावर जातो.

भांड्याचं मात्र मंडळींनी सांगितलं. मी पाणी पितळी घंगाळात कालवायला घेतलं तर हातातून ओढून घेतलं. “पितयीत आंबट ठेवता का? कयकीन ना!” (आमच्या बोलीत ळ चा य होतो, पितळी म्हणजे पितयी.) तांब्या-पितळेला आम्ल लागलं की हिरवा कळंक धरतो, तो तांब्याचा ॲसिटेट, हे मी पोरांच्या प्रयोगवह्यांत तपासत आलो. पण बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवायचं नाही हे त्यांना सातवीपर्यंतच्या शाळेत कळलं होतं. प्लास्टिकचा मग किंवा स्टीलची बादली घ्यावी.

कोंड्याबद्दल तुमच्या चौकटीने ठामपणे लिहिलं होतं. कोंड्यामागे मॅलेसेझिया नावाची बुरशी असते, ती सगळ्यांच्याच डोक्यावर राहते, काहींना तिचा त्रास होतो. तिच्यासाठी औषधी शाम्पू मिळतात, डॉक्टर देतात. व्हिनेगरने कोंडा हटतो असं छापण्याजोगा भक्कम पुरावा मला आढळला नाही. नात डोक्याला मलम लावून मोबाइलवर शोधत बसली होती, तिला एक अभ्यास सापडला. २०१९ सालचा, अमेरिकेतल्या व्हर्जिनियातला. बावीस जण, चौदा दिवस रोज दहा मिनिटं एक हात पाण्यात आणि दुसरा सफरचंदाच्या पातळ व्हिनेगरमध्ये. निम्म्यांना इसबाचा त्रास होता. कातडीला फायदा काही दिसला नाही, आणि बहुतेकांना व्हिनेगरच्या हाताला थोडाफार त्रास झाला. ते व्हिनेगर होतं अर्धा टक्का. म्हणजे आमच्या मगातल्याच्या पाच पट कडक, पण तिने डोक्याला बांधलं होतं त्याच्या दहाव्या हिश्शाचं. “आबा, यांनी माप लिहिलंय,” ती म्हणाली.

शेजारच्या दोन भानगडी थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या पुढच्या चौकटी कदाचित त्यांच्यावर येतील. एक म्हणजे खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र. फसफसतं, बघायला मजा येते, आणि फसफसून झाल्यावर उरतं ते सोडियम ॲसिटेटचं खारट पाणी. दोघांनी एकमेकांना खाल्लं, केसांना कोणी उरलं नाही. सोडा जास्त झाला तर उलट पाणी अल्कधर्मी, म्हणजे पुन्हा खवले उभे. दुसरं लिंबू. व्हिनेगर महाग म्हणून बायका लिंबाचं पाणी घेतात, आणि आमच्या आया पूर्वी घेतच होत्या, पण त्या डोक्यावरून पदर घ्यायच्या. लिंबाच्या सालीत आणि रसात अशी द्रव्यं असतात की ती कातडीवर राहिली आणि त्यावर कडक ऊन पडलं तर डाग उठतात, कधी फोडसुद्धा, आणि डाग काळपट होऊन महिनोन् महिने जात नाहीत. कापूस वेचायला जाणारी एक बाई आमच्या ओळखीची. केसांना लिंबू चोळून तशीच शेतात गेली, कपाळाच्या कडेने शाई ओघळल्यासारखे पट्टे आले. घरात कोणीतरी म्हणालं, बाहेरचं झालं. बाहेरचं म्हणजे आमच्याकडे भुताखेताचं. बाहेरचं होतंच, पण ऊन. वापरायचंच असेल तर लिंबू पातळ, आणि कातडीवरून पूर्ण धुऊन मगच उन्हात.

आता माझी मागणी. माफी वगैरे नको, चौकट लिहिणाऱ्याचं नावही नको. त्याच पुरवणीत, त्याच पानावर, तेवढ्याच आकाराची चौकट छापावी, आणि सफरचंदाचं चित्र वगळून त्या जागेत पुढचा मजकूर घालावा. मी शब्द मोजले आहेत, बसतात:

‘व्हिनेगर तसेच्या तसे डोक्याला कधीही लावू नये, झाकून वा बांधून ठेवू नये. केस साबणाने धुणाऱ्यांनी, पाणी जड असल्यास, एक लिटर पाण्यात २० मिलि (पोह्यांचे दोन चमचे) व्हिनेगर मिसळावे. पाणी मऊ किंवा फिल्टरचे असल्यास ५ मिलिपेक्षा जास्त नको. साबण पूर्ण धुतल्यावर ओतावे, एक मिनिटाने साध्या पाण्याने धुवावे. आठवड्यातून एकदा. जखम असल्यास नाही. डोळ्यांत गेल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे. चुणचुण झाल्यास थांबावे. पांढरे किंवा सफरचंदाचे, या कामाला दोन्ही सारखेच. कोंड्यासाठी डॉक्टरांना दाखवावे.’

चित्र घालायचंच असेल तर मोजपात्राचं घाला. नसेल तर माझ्याकडे आहे, फोटो काढून पाठवतो.

नातीची कातडी भरून आली. उजव्या कानामागे नाण्याएवढ्या जागेत केस अजून विरळ आहेत, येतील असं डॉक्टर म्हणाले. झोका आम्ही उतरवला नाही, पावसापर्यंत तसाच ठेवला. जूनमध्ये परत गेली तेव्हा बॅगेत शिकेकाईची पुडी होती, आजीने दिलेली. पीएच कागदाचं अर्धं पुस्तकही गेलं, ते मला नंतर कळलं.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
ता. यावल, जि. जळगाव

(नाव छापू नये. पोरीच्या मैत्रिणीही तुमची पुरवणी वाचतात.)

ता. क. परवाच्या पुरवणीत दातांना लिंबू आणि सोडा घासायला सांगितला आहे. त्याचं वेगळं पत्र पाठवतो. कात्रण फ्रीजवर लागलेलं आहे.